तिसरी तार

२ तारीख, सोमवार

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा ही एक जॉब-वही कोरी राहिली होती. आज काढली. चाळीस वर्षांची सवय आहे, वहीत चढवल्याशिवाय हातात पेचकस धरवत नाही.

वस्तू: लॅपटॉप, काळा, अकरा वर्षं जुना. तक्रार: चार्ज होत नाही. मालक: बायको.

काल सकाळी ही बोलत होती. बोलत होती म्हणजे बटण दाबत होती. उजव्या हाताचं एक बोट तेवढं अजून तिचं ऐकतं, बाकी अंग आजाराने नेलं. जीभ आणि गळा तर सगळ्यात आधी गेले. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जातं, हवं ते आलं की ती बोट दाबते, वाक्य पुरं झालं की लॅपटॉप बोलतो. तोही तिच्याच आवाजात. आजार कळला तेव्हा, गळा शाबूत होता तोवर, दोन महिने रोज बसून तिने त्या प्रोग्रामला शेकडो वाक्यं वाचून दाखवली होती. एकोणतीस वर्षं बस स्थानकावर घोषणा करणारी बाई ती. अजून 'मला पाणी हवंय' म्हणाली तरी फलाट क्रमांक चारवर गाडी लागल्यासारखं वाटतं.

तर काल ती बराच वेळ काहीतरी लिहीत होती, मी खोलीत शिरलो, आणि माझा पाय वायरीत अडकला. लॅपटॉप टेबलावरून खाली येत होता, मी झेलला. पण चार्जरची गोल पिन आतच मोडली आणि लॅपटॉपचं भोकही आतून निखळलं. बॅटरी दोन मिनिटांची धनी. पडदा काळा झाला. ती काय लिहीत होती ते मी वाचलेलं नाही.

घरात चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, मिक्सर बिघडत आले, मला कधी घाम फुटला नाही. काल फुटला. हा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालत नाही, कंपनीच्या परवान्याची किल्ली मागतो, आणि ज्यांनी बनवला ती कंपनी बुडून सहा वर्षं झाली. म्हणजे हा लॅपटॉप गेला की हिचा आवाज गेला.

वीस तारखेला डॉक्टरबाईंकडे जायचंय. हिचा श्वास कमी पडायला लागलाय. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि श्वासाचं यंत्र कायमचं लावायचं, की नाही लावायचं, ते त्या दिवशी ठरणार. आणि ते हिने स्वतः सांगायचंय. हो म्हणेल. दुसरं काय म्हणणार!

हिला म्हटलं, "काळजी करू नकोस. दोन दिवसांत बोलायला लागशील." तिने डोळे वर केले. वर केले म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही.

४ तारीख, बुधवार

सुट्या भागांच्या गल्लीत सगळी दुकानं पालथी घातली. ते भोक मिळत नाही, तो चार्जर मिळत नाही. पार्टवाला मला अजून मास्तर म्हणतो, त्यामुळे नाही म्हणायच्या आधी त्याने चार खोकी उपसली. शेवटी म्हणाला, "मास्तर, हे मॉडेल म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखं आहे. पडला की पडला." मी म्हटलं, "माझे अजून आहेत. बोल दुसरं काय करता येईल ते."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती लांब असते, वीस तारखेसाठी रजा काढून येणार आहे. म्हणाली, "बाबा, त्याला टाइप-सी करून टाका. जुनं भोक सोडूनच द्या. हल्ली सगळ्यांकडे तेच चार्जर असतात, दवाखान्यात, गाडीत, कुठेही लागेल." मुलगी माझीच. मला हे आधी का नाही सुचलं?

मग म्हणाली, "आईला विचारलंत का? नळीचं?"

मी म्हटलं, मशीन बिघडलंय, कसं विचारू. ती म्हणाली, "मावशी अक्षरांच्या तक्त्यावर विचारते ना तिला सगळं. आणि हो-नाही तर डोळ्यांनीसुद्धा कळतं." मी म्हटलं, एवढी मोठी गोष्ट डोळ्यांनी विचारायची? भाजी हवी की नको विचारल्यासारखी? ती तिच्या आवाजात सांगेल. लेकीने विषय बदलला. मग म्हणाली, "मी नवीन टॅबलेट पाठवू का? त्यात बोलणारा प्रोग्राम असतो." त्यात कोण बोलणार? कुठलीतरी बाई. माझ्या घरात परकी बाई नको.

डॉक्टरबाई मागच्या वेळी म्हणाल्या होत्या, निर्णय लिहून ठेवलेला नसेल आणि अचानक श्वास अडला, तर आम्ही नळी घालणारच, थांबून विचारत बसत नाही. म्हणजे उशीर झाला तरी तसं काही बिघडत नाही.

७ तारीख, शनिवार

टाइप-सीची पट्टी आणली. अंगठ्याच्या नखाएवढी. एका टोकाला टाइप-सीचं भोक, दुसऱ्या टोकाला दोन टिकल्या, एक लाल तारेची, एक काळ्या. मला वाटलं होतं त्यात काय असणार, डोंबल! पण ही पट्टी शहाणी आहे. चार्जर लावला की आधी त्याला विचारते, बाबा रे, वीस व्होल्ट आहेत का तुझ्याकडे? नसतील तर त्याच्याकडे असतील तेवढेच घेते. आमच्या वेळी वीज अशी विचारून-सवरून येत नव्हती. येत होती आणि झटका देत होती.

मेव्हणीच्या फोनचा चार्जर लावून मीटर धरला. नऊ व्होल्ट. लॅपटॉपला लागतात साडेएकोणीस, वीस चालतात. गरीब चार्जर, त्याच्याकडे नऊच होते, तेवढेच त्याने दिले. परत गल्लीत गेलो आणि पासष्ट वॉटचा दणकट चार्जर घेतला. आता मीटरवर बरोबर वीस आले. हिला दाखवायला मीटर आत घेऊन गेलो. "वीस! बघ!" तिने बघितलं, मग माझ्याकडे बघत राहिली. एकटक. मी म्हटलं, सोमवारी जोडतो.

मेव्हणी म्हणजे हिची धाकटी बहीण. रोज सकाळी येते, संध्याकाळपर्यंत थांबते. तीच हिला आंघोळ घालते, भरवते, सक्शनच्या मशीनने गळ्यातला कफ काढते. अक्षरांचा तक्ता तिला तोंडपाठ झालाय. ओळ म्हणते, अक्षर म्हणते, ही डोळे वर करते, पुढचं अक्षर. दोघी तासन्‌तास अशा बसतात, मधेच हसतातसुद्धा. मला ते जमत नाही. तक्ता काढला की मला टेबलावरचं काम आठवतं.

९ तारीख, सोमवार

लाज वाटते लिहायला.

लॅपटॉप उघडला. जुन्या भोकापासून आत बोर्डाकडे तीन तारा जातात: लाल, काळी आणि मधली एक बारीक, केसाएवढी. बारीक तार म्हणजे काहीतरी शिल्डिंगची, खरखर अडवायची असणार, ती कापून बाजूला वाकवली. लाल आणि काळी पट्टीला सोल्डर केल्या. टाका इतका सुरेख बसला की हिला नेऊन दाखवावासा वाटला. चार्जर लावला.

फट्ट. धूर. पट्टी गेली.

लाल तार काळ्या टिकलीवर होती आणि काळी लालवर.

चाळीस वर्षं दुकानातल्या पोरांना ओरडत आलो, आधी मीटर, मग वीज! मी स्वतः कधी, एकदासुद्धा, उलटं जोडलेलं नाही. डोळ्यांचा दोष म्हणावा तर चष्मा मागच्या महिन्यात बदललाय. उजेड भरपूर होता, दुपारचे बारा वाजले होते. हात असे कसे चुकले? मी बराच वेळ त्या काळ्या पडलेल्या पट्टीकडे बघत बसलो होतो. लॅपटॉप वाचला एवढं नशीब, पट्टीने सगळं अंगावर घेतलं.

मेव्हणी दारात आली. म्हणाली, "कसला वास?" मी म्हटलं, काही नाही, सोल्डरचा. ती म्हणाली, "भावोजी, ताईला तुमच्याशी बोलायचंय." मी म्हटलं, तेच तर करतोय ना दिवसभर! तिच्यावर ओरडलो. तिचा काय दोष.

१० तारीख, मंगळवार

मेव्हणीने आज मला हाताला धरून पलंगाजवळ बसवलं. तक्ता घेतला. दोन अक्षरं झाली. ही डोळे वर करत होती आणि तिच्या कपाळावर घाम येत होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अगं, थांब. एवढा त्रास कशाला घेतेस? दोन दिवसांत मशीन होतंय, मग बोल सावकाश, हवं तेवढं."

तिने डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. दमली असेल.

गल्लीतून दुसरी पट्टी आणली. पार्टवाल्याने विचारलं, पहिलीचं काय झालं? सांगितलं, सदोष निघाली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

१२ तारीख, गुरुवार

चालू झाला! आधी मीटर, मग वीज, सगळं चारदा तपासून. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा उजळला. हिच्या खोलीत नेऊन ठेवला, बोटाखाली बटण दिलं. मेव्हणीने टाळ्या वाजवल्या.

पण पडद्यावर एक सूचना आली: चार्जर ओळखता येत नाही. बॅटरी चार्ज होत नाही म्हणे. आणि लॅपटॉप इतका मंद, इतका मंद की विचारू नका. अनोळखी चार्जर म्हणून त्याने अंग चोरलंय. अक्षरं उजळायला अर्धं अर्धं मिनिट. हिने तरी बोट दाबायला सुरुवात केली. चिकाटी तिची. पहिला शब्द झाला आणि तो बोलला. आवाज फाटलेला, लांबलेला, मधेच तुटणारा. जुन्या टेपची फीत गुंडाळायला लागली की व्हायचा तसा. तिचा आवाज! ज्या आवाजावर मी भाळलो होतो, महिनाभर जी गाडी मला पकडायची नव्हती तिच्या फलाटावर जाऊन उभा राहायचो, तो आवाज असा.

मी झाकण बंद केलं.

मेव्हणी म्हणाली, "अहो, ती लिहीत होती. आवाज राहू दे, वाचता आलं असतं की!" मी म्हटलं, असं अर्धवट काम मी गिऱ्हाईकाला कधी दिलेलं नाही. लॅपटॉप उचलून टेबलावर आणला. मागे वळून हिचा चेहरा बघितला नाही. खरं सांगायचं तर बघायचं धैर्य झालं नाही. कशाचं धैर्य लागतं त्याला, तेही कळत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

कपाळ बडवून घ्यावंसं वाटतंय.

पार्टवाल्याला फोन केला. म्हणाला, "मास्तर, तीन तारा होत्या ना? तिसरीचं काय केलंत?" कापली म्हटलं. तो हसला नाही, भला माणूस. म्हणाला, त्या तिसऱ्या बारीक तारेवरून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. जुन्या चार्जरच्या डब्यात एक छोटा तीन पायांचा भाग असतो, त्यात चार्जरचं नाव-गाव साठवलेलं असतं. तो काढायचा आणि तिसऱ्या तारेला जोडायचा. मग लॅपटॉपला वाटतं, आपलाच माणूस आहे, आणि तो नीट जेवतो.

तीन पायांचा भाग. तो मी बघितला होता. दोन तारखेलाच जुना चार्जर फोडला होता, त्यात ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा एक काळा मणी होता. दिसला ट्रान्झिस्टरसारखा म्हणून सवयीने मीटरवर तपासला. काहीच दाखवेना. मेला म्हटलं, आणि टाकला डब्यात.

डब्यात म्हणजे माझ्या त्या डब्यात. दुकानातून घरी आणलेला, चाळीस वर्षांचे काढलेले ट्रान्झिस्टर. सगळे तीन पायांचे, सगळे काळे, सगळे तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे. आणि नेमका गेल्या आठवड्यात तो डबा माझ्या हातून कलंडला होता. परत भरला तेव्हा वरचं खाली, खालचं वर. मेला नव्हता तो. बोलण्याची त्याची रीत वेगळी होती, आणि मी त्याला रेडिओच्या मीटरने तपासत होतो.

सात दिवस उरलेत. डोळ्यांत पाणी येतं, मग भिंगातून काही दिसत नाही.

१५ तारीख, रविवार

कालपासून डबा निवडतोय. पांढऱ्या कापडावर पसरायचे, एकेक चिमट्यात धरायचा, भिंगाखाली फिरवायचा, अंगावरचा नंबर वाचायचा. निम्म्यांचे नंबर पुसलेले. सहाशेच्या वर असतील. पार्टवाल्याने नंबर कागदावर लिहून दिलाय, तो कागद घामाने भिजला.

दुपारी दीडच्या सुमाराला आतून मेव्हणी किंचाळली. धावलो. हिचा चेहरा निळा पडलेला, डोळे बाहेर आलेले, छातीतून घरघर. कफ अडकला होता. मेव्हणीने सक्शनची नळी आत घातली होती पण काही निघत नव्हतं. मी फोन उचलला, ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवायला लागलो. हिने माझ्या हातातला फोन बघितला आणि डोळे मिटले. घट्ट. उघडले, माझ्याकडे बघितलं, परत मिटले. परत. परत.

घाबरली होती बिचारी. मीही घाबरलो होतो. आकडे चुकत होते.

मग कफ सुटला. एक मोठा श्वास आत गेला, त्याचा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. मेव्हणी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी फोन ठेवला. हिच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिलो.

नंतर स्वयंपाकघरात मेव्हणी म्हणाली, "भावोजी, ताई नाही म्हणत होती."

"कशाला नाही?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

मी म्हटलं, जीव गुदमरत असताना माणूस डोळे मिटणारच, त्याचा अर्थ काढत बसू नकोस. तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली. मी परत डब्याशी बसलो. देवा, मला तो मणी सापडू दे. दुसरं काही मागत नाही. हिला बोलू दे, हो म्हणू दे.

१७ तारीख, मंगळवार

सापडला. सकाळी साडेदहाला. नंबर अर्धा पुसलेला, पण पहिली दोन अक्षरं आणि शेवटचा आकडा जुळला. चिमट्यात धरून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो, खाली पडेल म्हणून श्वाससुद्धा जपून घेतला.

तिसरी तार जोडली. मणी बसवला. आधी मीटर. मग वीज.

सूचना आली नाही. चार्जिंगचा दिवा लागला, पंखा जोरात फिरला, आणि पडद्यावर बॅटरीच्या चित्रात वीज दिसली. मी एकटाच टेबलापाशी ओरडलो, "ओळखलं रे!" मेव्हणीला वाटलं मला काही झालं.

हिच्यासमोर ठेवला. बटण बोटाखाली दिलं. म्हटलं, "बोला, बाईसाहेब."

ती बोटाने दाबत होती. मी समोर खुर्चीवर बसलो होतो, पडद्याची पाठ माझ्याकडे. मुद्दाम वाचलं नाही, आवाजच ऐकायचा होता. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग तो बोलला. स्वच्छ, मोकळा, एकही खरखर नाही, तसाच, फलाटावरचा.

"नळी नको."

मी म्हटलं, "परत सांग. आवाज नीट आला नाही."

तिने परत बोट दाबलं.

"नळी नको."

आवाज उत्तम आला होता.

मेव्हणी खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. म्हटलं, यंत्र लावून लोक दहा-दहा वर्षं जगतात. म्हटलं, मी आहे ना, सक्शन मी शिकेन, सगळं मी करीन, तुझ्या बहिणीला त्रास देणार नाही. म्हटलं, तू गेलीस तर मी या घरात कुणाशी भांडू? पाया पडतो म्हटलं. खरंच पडलो, तिची पावलं धरली, ती पावलं गार होती.

ती लिहीत होती. मी रडत होतो आणि ती बोटाने शांतपणे लिहीत होती. मग तिचा आवाज आला:

"पंधरा दिवस सांगतेय. तुम्ही ऐकत नव्हता. मला बांधून पडायचं नाही. मशीन छान झालंय."

१८ तारीख, बुधवार

मी कशाला दुरुस्त केलं? कुणी सांगितलं होतं?

दुपारी लेक आली. आईशी तासभर बोलली, दार लावून. बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते, पण मला म्हणाली, "बाबा, तिचं ऐकायचं." म्हणायला लेकीचं काय जातं! ती दोन दिवसांनी परत जाईल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

लेक आणि मेव्हणी जेवायला बसल्या. मी टेबलापाशी आलो. ही झोपली होती म्हणून लॅपटॉप इथेच चार्जिंगला होता. वाटलं, एक तार. एक टाका नुसता ढिला करायचा. परवा दवाखान्यात पडदा काळा होईल, मी म्हणेन, जुनी वस्तू, काय करणार. डॉक्टरबाई मला विचारतील. नवऱ्याचा शब्द मानतीलच. तक्ता आणला तर मी म्हणेन, आज ती दमलीय, डोळ्यांचा भरवसा नाही. तारीख पुढची मिळेल. आणि मध्ये कधी श्वास अडला तर डॉक्टर विचारणार नाहीतच, बाई स्वतःच म्हणाल्या होत्या.

पेचकस घेतला. खालचे तीन स्क्रू काढले.

चाळीस वर्षांत कुणाची वस्तू मी मुद्दाम बिघडवलेली नाही, असं स्वतःला म्हणालो. आणि मग त्या सोमवारची आठवण झाली. लाल काळ्यावर, काळी लालवर, भर दुपारी, नव्या चष्म्यातून. हात तिथेच राहिला. मी किती वेळ तसा बसलो होतो माहीत नाही. लेक मागे येऊन उभी राहिली होती. तिने स्क्रू बघितले, पेचकस बघितला. खुर्ची ओढून शेजारी बसली फक्त.

मी तिन्ही स्क्रू परत लावले. घट्ट.

मग आत जाऊन हिच्या उशाशी बसलो. ती जागी झाली तेव्हा विचारलं. लॅपटॉप नव्हता जवळ, तसंच विचारलं. "खूप त्रास होतो का गं?" डोळे वर. "भीती वाटते?" जरा थांबली, मग वर. "माझी काळजी वाटते?" वर. "तरीही नळी नको?"

डोळे वर. आणि तसेच वर ठेवले, मी मान हलवेपर्यंत.

२० तारीख, शुक्रवार

व्हीलचेअर चढवता येते अशी गाडी केली होती. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी हिच्या शेजारी बसलो, लेक पुढे.

डॉक्टरबाईंच्या खोलीत भिंतीवर एकच प्लग होता आणि तो कपाटामागे. मी गुडघ्यावर बसून हात आत घातला आणि चार्जर लावला. दिवा लागला. बॅटरी भरलेली होती, तरी लावला. मधे बंद पडायला नको.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. खुर्ची हिच्यासमोर घेऊन बसल्या, आम्हाला मागे बसवलं. त्यांनी सगळं परत समजावलं, नळी घातली तर काय, नाही घातली तर काय, शेवट कसा असेल, त्रास होऊ नये म्हणून त्या कोणती औषधं देतील. शेवट हा शब्द त्यांनी साधेपणाने वापरला. मग विचारलं, "तुमचा निर्णय काय आहे?"

सगळे वाट बघत होते. बोटाचा टक टक आवाज येत होता. मला माहीत होतं काय येणार, तरी वाटत होतं, कोण जाणे, पालटेल मन.

"नळी नको. श्वास अडला तरी नको. मी विचार केला आहे."

डॉक्टरबाईंनी तीन वेगवेगळ्या पद्धतीने तेच विचारलं, तसा नियम आहे म्हणे. तिन्ही वेळा तेच आलं. तिसऱ्या वेळी पुढे जोडलं, "यांना विचारू नका. यांना परवा मला विचारणंच खूप जड गेलं." डॉक्टरबाईंना कळलं नाही. मला कळलं.

अर्ज भरला. त्यात एक ओळ होती, रुग्णाने स्वतः, कोणाच्याही दबावाशिवाय सांगितले आहे. खाली साक्षीदार. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुलीची सही चालेल. लेकीने पेन घेतलं. मी म्हटलं, दे इकडे.

सही केली. पहिल्यांदा पेन उमटलंच नाही, दुसऱ्यांदा केली. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी परत बोलावलं, तारीख घालायची राहिली होती. तीही घातली.

परतताना गाडीत हिच्या शेजारी बसलो. बोललो असतो तर फुटलो असतो. बाहेर बघत होतो, सिग्नल, दुकानं, माणसं, सगळे कुठेतरी निघालेले. मांडीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर तिच्या बोटाची टकटक चालू होती, बराच वेळ. मला वाटलं, काही मोठं लिहितेय. निरोपाचं वगैरे. मी अंग आवळून बसलो.

गाडीभर तिचा आवाज घुमला. ड्रायव्हरनेसुद्धा मागे वळून बघितलं.

"तुमचा हात थरथरत होता. सही वाचता येईल ना? नाहीतर परत बोलावतील."

म्हटलं, "येईल गं. येईल वाचता."